लेणकर कसे घडवावेत: नाशिकच्या कातळातल्या बुटक्या ड्रॅगनवंशाचं शरीर आणि इतिहास

कथेसाठी, कॉमिकसाठी किंवा टेबलावर खेळायच्या रोलप्लेइंग खेळासाठी एखादी जमात रचायची म्हटली की बहुतेक जण आधी नाव ठरवतात, मग त्यांचा देव, मग शत्रू, आणि शरीर सगळ्यात शेवटी. क्रम उलटा हवा. आधी वजन ठरवा. वजनावरून भूक ठरते, भुकेवरून वस्ती किती मोठी ते ठरतं, वस्तीवरून बीळ, आणि बिळावरून इतिहास. असं केलं की इतिहास वेगळा सुचवावा लागत नाही, तो शरीरातूनच निघतो.

इथे एक जमात पहिल्या आकड्यापासून घडवून दाखवली आहे. नाव लेणकर. ड्रॅगनवंशी, बुटकी, नाशिकच्या भोवतालच्या डोंगरांत राहणारी. जमात कल्पित आहे, पण तिच्या पायाखालचा दगड, तिथलं हवामान आणि आजूबाजूच्या माणसांचा इतिहास खरा आहे. म्हणून कल्पनेला जिथे खऱ्याचा आधार मिळतो तिथे तो घेतला आहे.

आधी वजन

लेणकर उभा राहिला की ९० सेंटिमीटर, वजन १५ किलो. तीन वर्षांचं मूल साधारण एवढंच असतं, त्यामुळे दार, पायरी, खाट यांच्याशी त्याचं माप जुळवून बघणं सोपं जातं. १५ किलो आले कुठून? १६० सेंटिमीटर आणि ६० किलोचा माणूस घ्या. उंची ०.५६ पट झाली की वजन त्याच्या घनाने उतरतं, म्हणजे जेमतेम ११ किलो राहतं. त्यात शेपूट आणि जड जबडा यांचे चार किलो मिळवले.

ताकद मात्र घनाने उतरत नाही. ती स्नायूच्या जाडीवर, म्हणजे वर्गाने उतरते. माणसाच्या ३२ टक्के ताकद, पण शेपूट सोडून वजन १८ टक्के. स्वतःच्या वजनाच्या मानाने लेणकर माणसाच्या पावणेदोन पट बळकट ठरतो, आणि चार किलोंची शेपूट धरली तरी तो पुढेच राहतो. दोर चढणं, कड्याला लटकणं, उडी मारणं यांत तो माणसाला मागे टाकेल, पण ढकलाढकलीत आणि रेटारेटीत पहिल्या झटक्यात आडवा होईल. खेळात आकडे देताना हा भेद पाळा. नुसतं ‘ताकद कमी’ असं लिहून मोकळं झालं की जमात हातातून जाते.

भिंतीवरच्या पालीसारखं चिकटणं त्याला जमणार नाही. पालीच्या बोटांखालचे सूक्ष्म केस पृष्ठभागाशी जी पकड घेतात ती क्षेत्रफळावर चालते, आणि १५ किलोंसाठी लागणारे तळवे अंगाच्या मानाने अवाढव्य होतील. लेणकराला घोरपडीची नखं द्या.

पंख काढून टाका. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतला अतिशय जड पक्षी, नर पंधरा किलोंच्या जवळ जातो आणि त्याच्या पंखांचा विस्तार दोन मीटरच्या वर असतो. शिवाय त्याची हाडं पोकळ असतात. जेमतेम एक मीटर दहा उंचीच्या भुयारात असे पंख न्यायचे कुठे? आणि कणा असलेल्या प्राण्याला अवयव चारच असतात. पंख हवे तर हात गेले.

आगीचा हिशोब तर करायलाच हवा. एका फुंकरीला २० मिलिलिटर तेलकट द्रव लागतो असं धरा. त्याचं वजन १८ ग्रॅम, ऊर्जा १६० कॅलरी (आहारात मोजतात त्या). पुढे येईल त्याप्रमाणे लेणकराचा दिवसाचा आहार ५०० कॅलरींचा आहे. म्हणजे तीन फुंकरींत दिवसभराचं जेवण संपलं. हा खर्च मान्य असेल तर आग ठेवा, आणि ज्याने आग ओकली त्याला त्या रात्री भुकेलेला दाखवा. फुकटची आग ही या प्रकारच्या जमातींमधली सगळ्यात मोठी चूक आहे. दुसरी चूक म्हणजे भुयारात आग. बंद जागेत धूर आणि कार्बन मोनॉक्साइड आधी आपल्याच माणसांना मारतो.

रक्त गरम की थंड

१५ किलोच्या सस्तन प्राण्याला नुसतं पडून राहायलाही दिवसाला ५३० कॅलरींच्या आसपास लागतात. तेवढ्याच वजनाच्या सरपटणाऱ्या प्राण्याचं त्याच्या सातव्या ते दहाव्या हिश्शात भागतं. पूर्ण थंड रक्ताचा लेणकर स्वस्तात जगेल, पण नाशिकच्या थंडीत दगडासारखा पडून राहील. निफाडकडे जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या बहुतेक वर्षी येतात, आणि बागायतदार द्राक्ष वाचवायला रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. अशा रात्री पहाऱ्यावरचा लेणकर भाला उचलू शकणार नाही.

मधला मार्ग निसर्गात आहे. दक्षिण अमेरिकेतला टेगू हा मोठा सरडा विणीच्या हंगामात अंगाचं तापमान भोवतालापेक्षा दहा अंशांपर्यंत वर ठेवतो. लेणकर तसा अर्धा तापणारा ठेवू. पडून असताना २५० कॅलरी, राबताना ५००. बाजरीच्या पिठाच्या १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी धरल्या तर दीड मोठी भाकरी झाली की दिवस निघतो.

पण भाकरी तो चावणार कशी? सरपटणारे प्राणी चावून बारीक करत नाहीत. तोडतात आणि गिळतात. म्हणून लेणकराच्या घरात भाकरी कुस्करून, ताकात किंवा किड्यांच्या रश्शात भिजवूनच खाल्ली जाते. काला हेच त्यांचं जेवण. पाहुण्यापुढे कोरडी अख्खी भाकरी ठेवणं हा तिथे अपमान समजला जाईल. शरीराचा एक नियम पाळला की असा शिष्टाचार आपोआप मिळतो, तो शोधत बसावं लागत नाही.

वस्ती २०० जणांची धरा, १२० मोठे आणि ८० लहान. लहानांना निम्मा आहार दिला तर रोज ८०,००० कॅलरी. निम्मं पोट वाळवी, टोळ, उंदीर, मासे यांवर भरलं तरी रोजचं साडेअकरा किलो धान्य उरतं. वर्षाला ४२ क्विंटल. कोरडवाहू बाजरी आज हेक्टरी आठ-दहा क्विंटल येते, म्हणजे पाच हेक्टर, साडेबारा एकर. जुन्या काळी याहून जास्त रान लागेल. ही जमीन कोणाची? लेणकर स्वतः पेरत असतील तर ते उघड्यावर दिसणार. माणसाकडून घेत असतील तर बदल्यात काही द्यावं लागणार. चोरत असतील तर वर्षाला बेचाळीस क्विंटल चोरी कोणत्याच गावात लपत नाही. कथेतला पहिला संघर्ष इथेच आहे.

कात, हाडं, आवाज

साप कात अखंड टाकतो, घोरपड तुकड्यातुकड्यांनी. लेणकर घोरपडीसारखा. हवा कोरडी असली की बोटांच्या टोकांवर जुनी कात कड्यासारखी अडकते, रक्त थांबतं आणि टोक वाळून गळतं. घरात पाळलेल्या सरड्यांमध्ये हे सर्रास घडतं. नाशिकचा एप्रिल-मे कोरडा असतो, म्हणून प्रत्येक बिळात एक दमट खोली हवीच, आणि म्हाताऱ्या लेणकरांची एक-दोन बोटं गेलेली दाखवली तर वाचकाला काही समजावून सांगावं लागत नाही.

सतत अंधारात राहणाऱ्याला उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व मिळत नाही, कॅल्शियम हाडांत मुरत नाही आणि मुडदूस होतो. पिल्लांना रोज सकाळी बिळाच्या तोंडाशी अर्धा तास उन्हात बसवावंच लागेल. त्यामुळे बिळाचं तोंड पूर्वेला असणं ही सोय नव्हे, गरज ठरते. पश्चिमेला तोंड असलेली वस्ती पावसाचा मारा खाते आणि तिची पोरं वाकड्या पायांची निघतात.

आवाजावर जास्त वेळ द्या, कारण इथे मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती एक मोठी गोष्ट लागते. सरपटणाऱ्या प्राण्याला हलणारे मऊ ओठ नसतात. ओठ नाहीत तर ओष्ठ्य वर्ण नाहीत. प, फ, ब, भ, म हा अख्खा वर्ग गेला, आणि खालचा ओठ वरच्या दातांना लावावा लागतो म्हणून व सुद्धा गेला. उ आणि ओ चपटे येतील, पण कळतील. आता नकाशा उघडा. नाशिक, सिन्नर, दिंडोरी, अंजनेरी, गोदा ही नावं लेणकर नीट घेईल. त्र्यंबक, निफाड, इगतपुरी, येवला, चांदवड, कळवण ही नावं त्याच्या तोंडात मोडतील. आई म्हणता येईल, बाबा आणि मामा म्हणता येणार नाही. एक ते दहा मोजताना तो एकाच आकड्यावर अडखळेल, पाचवर. म्हणून तो चारचारने मोजतो. मराठीत चाराच्या जुडीला गंडा हा जुना शब्द तयारच आहे. हाताला चार बोटं द्या, म्हणजे मोजणीही हातावर बसते. आणि ‘लेणकर’ हा शब्द त्याला सहज म्हणता येतो, म्हणून तेच नाव ठेवलं. ‘खवले’ वगैरे नावं टाळा. खवले मांजर हा खरा प्राणी आपल्याकडे आहे आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे तोच येतो.

पोपट ओठांशिवाय ‘मिठू’ म्हणतोच की, अशी शंका कोणी काढेल. पोपटाचा आवाज छातीतल्या स्वरयंत्रात घडतो आणि तो ऐकलेल्या ध्वनीची नक्कल करतो. लेणकराला तसं यंत्र द्यायचं असेल तर द्या, पण मग त्याचा सूरही पक्ष्याचा येईल, आणि वर सांगितलेली सगळी गंमत जाईल.

संवाद लिहिताना प्रत्येक वाक्यातून हे सहा वर्ण काढणं सुरुवातीला जड जातं. आधी वाक्य नेहमीसारखं लिहा, मग अडणाऱ्या शब्दांना पर्याय शोधा. ‘पाणी’ऐवजी जल, ‘माणूस’ऐवजी नर, ‘दिवस’ऐवजी दिस, ‘घाबरू नकोस’ऐवजी धीर धर. पर्याय सापडलाच नाही तर लेणकराला हाताने खूण करू द्या. ‘म’च्या जागी ‘न’ टाकून बोबडं बोलायला लावू नका. त्याने ती जमात विनोदी होते.

अंडी: इथे चुकलं तर सगळं चुकतं

घोरपड एका वेळी वीसेक अंडी घालते, बहुधा वारुळात, आणि निघून जाते. लेणकरांना हे जसंच्या तसं दिलं तर ६० माद्यांची वर्षाला १,२०० अंडी होतात आणि पाच वर्षांत जिल्हा व्यापतो. बोलणारी, शिकवणारी, आपली पोरं वाढवणारी जमात अंडी कमी घालते. प्रत्येक मादी तीन वर्षांतून एकदा, दोन अंडी. ६० माद्या, वर्षाला २० वीणी, ४० अंडी. निम्मी फुटतात, २० पिल्लं. आठव्या वर्षापर्यंत सहा उरतात. दुसऱ्या बाजूला, १२० मोठे आणि वयात आल्यापुढचं आयुष्य वीस वर्षं धरलं तर वर्षाला सहा मरतात. सहा येतात, सहा जातात. हा ताळा जमेपर्यंत पुढे सरकू नका.

आता तापमान. घोरपडीत नर-मादी गुणसूत्रांवर ठरते, मगरीत अंड्याच्या उबेवर. आपल्याकडच्या मगरीची अंडी ३१ अंशांच्या खाली राहिली तर माद्या होतात, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर, आणि हे उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात ठरतं. लेणकरांना मगरीचा नियम द्या. दीड अंशाचा फरक राजकारणाला पुरतो.

कातळाच्या आत खोलवर तापमान वर्षभर त्या गावाच्या सरासरीजवळ राहतं, नाशिकला पंचविसाच्या आसपास. तेवढ्यात अंडी मरतील. म्हणून उबवणीची खोली तोंडाजवळ, बाहेर सडत्या पालापाचोळ्याचा आणि शेणाचा उकिरडा, आणि त्याची ऊब भिंतीतून आत. चांगल्या रचलेल्या उकिरड्याचा गाभा पन्नास अंशांच्या वर जातो, म्हणून अंडी कधीच गाभ्यात पुरत नाहीत, कडेला राखेत ठेवतात. ढीग वाळला तर थंड पडतो. पाणी जास्त झालं तर हवा कोंडते, सडका वास येतो आणि तरीही थंडच पडतो. मुठीत दाबल्यावर पाणी न गळता हात ओला व्हावा, एवढीच ओल. अंडी एकदा ठेवली की फिरवायची नाहीत. कोंबडीचं अंडं उलटवावं लागतं, पण मगरीचं उलटवलं तर आतला जीव मरतो. वरच्या बाजूला कोळशाने टिकली काढून ठेवणं ही उबवणीची पहिली शिकवण असेल.

अंडी मार्चमध्ये घातली जातात आणि जूनमध्ये, पहिल्या पावसात पंखवाली वाळवी उडते त्या सुमारास फुटतात. पिल्लांचं पहिलं अन्न दारात येतं.

हे सगळं सांभाळणारा जो कोणी असेल, त्याच्या हातात पुढच्या पिढीत किती नर आणि किती माद्या हे आहे. मुखियापेक्षा उबवणीवाली म्हातारी मोठी. एका उन्हाळ्यात ढीग थंड राहिला तर त्या वर्षीच्या सगळ्या पिल्लांच्या माद्या होतात, आणि आठ वर्षांनी त्या वयाला जोडीदार नसतात. मग शेजारच्या डोंगराशी सोयरीक करावी लागते, किंवा भांडण.

दगड काय म्हणतो

परक्या कथांमधली चुनखडीची गुहा, वरून लोंबणारे खडकाचे झुंबर, हे इथे आणू नका. नाशिकचा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला काळा बेसॉल्ट आहे. त्यात कपारी आहेत, पण राहण्याजोगी खोल जागा खोदूनच करावी लागते. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा, मातीसारखा मऊ पट्टा लागतो, आणि बुडबुड्यांनी भरलेला थर सलग काळ्या थरापेक्षा लवकर फुटतो. लेणकरांची भुयारं म्हणून आडवी, थराला धरून जातात. खाली-वर जाणारी विहीर ही त्यांच्यासाठी मोठी मजल.

भुयार एक मीटर दहा उंच, सत्तर सेंटिमीटर रुंद. एका मीटर लांबीत पाऊण घनमीटर दगड निघतो, वजन सव्वादोन टन. चार किलोची टोपली धरली तर ५५० खेपा. शंभर मीटर भुयाराचा फोडलेला दगड फुगून ११५ घनमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे चाळीस ब्रास. एवढी खडी टाकली कुठे, हे आधी ठरवा. नव्या खडीचा ढीग गुराख्याला लांबून दिसतो, आणि लपलेली वस्ती उघडी पडण्याचं सगळ्यात साधं कारण तेच असतं. हत्यारं सुतकी, छिन्नी आणि पहार. लोखंड मात्र विकत घ्यावं लागेल.

पाण्यासाठी टाकं. सरपटणारे प्राणी मूत्र पांढऱ्या घट्ट रूपात टाकतात, भिंतीवरच्या पालीची घाण पाहिलीत तर टोकाला तो पांढरा ठिपका दिसेल. त्यामुळे पाणी कमी लागतं. प्रत्येकाला अर्धा लिटर, म्हणजे वस्तीला रोज १०० लिटर. ऑक्टोबर ते मे अखेर २४० दिवस, २४,००० लिटर. चार बाय तीन बाय दोन मीटरचं टाकं पुरतं, बाष्पीभवन वाचवायला दगडी छताखाली. नाशिकच्याच लेण्यांतल्या प्राकृत लेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. सुंदर शब्द आहे, वापरा, पण माणसांच्या तोंडी. लेणकराला प म्हणता येत नाही, तो टाकीच म्हणेल.

खजिना काय राखायचा? जर्मन दंतकथांमधले खाणीतले बुटके, कोबोल्ड, चांदीच्या जागी विषारी धूर सोडणारं खनिज ठेवून जातात असं सॅक्सनीतले खाणकामगार मानत. कोबाल्ट धातूचं नाव त्यावरूनच पडलं. रोलप्लेइंग खेळांत हे कोबोल्ड पुढे खवल्यांचे झाले आणि २००० सालानंतर ड्रॅगनांचे दूरचे नातलग. तो सगळा वारसा चांदीच्या खाणींचा आहे. आपल्या बेसॉल्टमध्ये ना चांदी ना सोनं. इथे आहेत झिओलाइट नावाची खनिजं आणि त्यांच्या शेजारी वाढणारे स्फटिक. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणी आणि सिन्नर ही नावं जगभरच्या खनिज संग्राहकांना अपोफिलाइट आणि स्टिलबाइट या स्फटिकांसाठी माहीत आहेत. दगड फुटतो, आत मुठीएवढी पोकळी निघते, आणि तिच्या भिंतीवर पोपटी, चौकोनी टोकांचे स्फटिक उभे असतात. झिओलाइट तापवला की त्यातून पाणी निघतं. ‘उकळणारा दगड’ हाच त्या नावाचा अर्थ. दगडात पाणी आहे हे दाखवणारा दगड कोरड्या डोंगरात राहणाऱ्यांना पवित्र वाटेल, आणि पुरलेल्या धनावर नाग बसतो या आपल्या समजुतीला तो सहज जोडता येतो.

नमुने बघायचे तर संग्रहालयात बघा. लेण्यांच्या संरक्षित डोंगरावर छिन्नी लावू नका. तसंच घोरपडीचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला वरच्या दर्जाचं संरक्षण आहे, आणि ‘हत्थाजोडी’ म्हणून विकली जाणारी मुळी हे घोरपडीच्या नराचं जननेंद्रिय असतं. पावसाळ्याच्या तोंडी सकाळी उघड्या खडकावर ती ऊन खाताना लांबून दिसते. चालताना शेपूट कशी वळते, जीभ किती वेळा बाहेर येते, गळा कसा फुगतो, एवढं पाहून टिपून ठेवा. धावताना फुफ्फुसात हवा भरायला ती गळ्याचा भाता वापरते. लेणकरालाही तोच द्या, म्हणजे तो पळताना बोलू शकणार नाही.

इतिहास लिहिताना

पहिला आकडा पिढीचा. आठव्या वर्षी वयात, पहिली वीण नऊ-दहाव्या वर्षी. पिढी दहा वर्षांची. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी होऊन १,९०० वर्षं झाली, म्हणजे लेणकरांच्या १९० पिढ्या. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची धरली तर १९० पिढ्यांमागे आपण हडप्पापर्यंत जातो. आपल्याला हडप्पा जेवढा आठवतो तेवढाच लेणकरांना गौतमीपुत्र. ‘आमच्या आजीने पाहिलं’ असं सातवाहनांबद्दल त्यांना बोलायला लावू नका. जे दगडात कोरलं तेवढंच उरलं.

दुसरं, खरी लेणी त्यांच्या नावावर चढवू नका. त्रिरश्मी डोंगरावरच्या २४ पांडवलेण्यांतली बरीच कोणी दिली हे लेण्यांवरच लिहिलं आहे. एका लेण्यावर मुगूदास या कोळ्याचं नाव आहे, चैत्यगृहाच्या दारावर धंभिक गावच्या लोकांचं. त्या माणसांनी आपली नावं दोन हजार वर्षं टिकवली, ती गोष्टीसाठी पुसणं बरं नाही. लेणकरांची लेणी शेजारच्या नाव नसलेल्या डोंगरात ठेवा.

त्या लेखांकडून शिकण्यासारखं मात्र खूप आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात आपल्या लेखात सांगतो की ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले, २,००० दरमहा एक टक्क्याने, १,००० दरमहा पाऊण टक्क्याने, आणि पहिल्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा. हिशोब करा. २,००० वर महिना एक टक्का, वर्षाला २४०. वीस गुणिले बारा, २४०. दगडावरचा ताळा पैशाचा जुळतो. कल्पित जमातीचा शिलालेख रचताना असंच एक देणं, एक रक्कम, एक काम आणि त्याचा जुळणारा आकडा ठेवा. ‘प्राचीन काळी एका महान राजाने’ यातून काहीच हाती लागत नाही.

घटना थोड्या निवडा, आणि प्रत्येकीला शरीराचा प्रश्न विचारा. १९०६ साली जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून अधिक नाणी, त्यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. नाणं दोन-सव्वादोन ग्रॅमचं धरलं तर साठा तीस किलोंच्या आत. दोन लेणकरांच्या वजनाएवढा. असा साठा लेणकरांनी हलवला असं दाखवायचं असेल तर आठ जण, प्रत्येकी चार किलोहून थोडं कमी, एका रात्रीत. जमण्यासारखं आहे.

१८६५ला थळ घाटातून रेल्वे आली. सुरुंगांचे हादरे पोटाने जमिनीला टेकून झोपणाऱ्याला कानांआधी अंगाला कळतात, आणि हादऱ्यांनी राखेतली अंडी हलली तर मरतात. घाटाजवळच्या वस्त्या त्या वर्षांत पूर्वेकडे सरकल्या असं दाखवा, लढाईची गरज नाही. १९७२च्या दुष्काळात माद्यांनी अंडीच घातली नाहीत, म्हणून १९८०-८१मध्ये वयात येणारं कोणी नव्हतं, आणि भुयारं खणायला हात कमी पडले. त्याच दुष्काळात माणसं गावोगाव खडी फोडत होती. दोघांच्या सुतक्यांचा आवाज एकमेकांना ऐकू गेला असेल.

काळ लिहिताना पिकं तपासा. मिरची, मका, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, तंबाखू हे सगळं पोर्तुगीजांनंतरचं. सातवाहनकाळातल्या लेणकराच्या काल्यावर लाल तिखट घालू नका, मिरी घाला. नाशिकच्या सलग द्राक्षबागाही अलीकडच्याच. आजच्या काळातली कथा असेल तर बागायतदाराशी देवघेव मात्र फार छान बसते. लेणकर रात्री बागेतले किडे खातात, त्यांची पांढरी विष्ठा खत म्हणून जाते, आणि बदल्यात बेचाळीस क्विंटल धान्याचा काही भाग मिळतो. फवारणी केलेल्या बागेतले किडे खाऊन पिल्लं मेली, तर करार मोडतो.

शेवटी एक शिलालेख लिहून बघा. वरच्या टाक्याचा घ्या. २४ घनमीटर दगड म्हणजे ७० टन, चार किलोच्या टोपलीने सतरा हजारांवर खेपा. वीस जण दिवसाला पंचवीस खेपा करतात, म्हणून दगड वाहायलाच पस्तीस दिवस. सहा वर्ण वर्ज्य, मोजणी गंड्यांनी. पस्तीस दिवसांचे आठ गंडे आणि वर तीन. असा मजकूर निघेल:

अंजनेरीच्या ताराचं दान. एक टाकी, काठाला राखेची खोली. दगड सतरा हजार टोकऱ्या. दिस आठ गंडे नि तीन.